आठ सेंटीमीटरची किडनी

सेंटीमीटर मी सत्तावीस वर्षं शिकवले. पट्टी शून्यापासून धरायची, टोकापासून नाही, हे चौथीच्या पोरांच्या डोक्यात भरवताना माझा घसा बसायचा. दरवर्षी नवी पोरं आणि दरवर्षी तीच चूक. खडू आठ सेंटीमीटरचा असला की यांच्या वहीत साडेसात. सेंटीमीटरची कुणाला भीती वाटू शकते असं तेव्हा कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सुरुवात पायांपासून झाली. संध्याकाळी चपला काढल्या की पट्ट्यांचे वळ पायांवर तसेच राहायचे. माझी जिल्हा परिषदेची शाळा रामटेकच्या पुढच्या एका गावात. शहरातून, मनीषनगरातल्या घरून पावणेआठला निघायचं, मग एसटी, मग ऑटो, आणि परत यायला सात वाजायचे. इतका वेळ पाय लोंबकळले तर ते सुजणारच, असं मी स्वतःला समजावलं. मग तोंडही सुजायला लागलं.

"तोंड काहून सुजलं वं तुह्यं?" सासूबाईंनी एका सकाळी विचारलं.

"झोप नाही झाली."

"झोप नाही झाली तं डोये लाल होते. गाल नाही फुगत."

सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. सगळा जन्म धानाच्या बांधीत गेला, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण त्यांच्यापासून काही लपवणं कठीण. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या कानावर घातलं आणि त्याने मला रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन नावाचा एक कचरा रक्तात असतो, तो किडनीने बाहेर टाकायचा असतो, आणि तो एकच्या आसपास असला की ठीक. माझा तीन पूर्णांक चार होता. त्या आकड्यापुढे एक तारा छापला होता. आमच्याकडे तारा शहाण्या पोरांच्या वहीवर काढतात, म्हणून पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं होतं, हे सांगायला आता लाज वाटते.

किडनीचे डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे निघाले. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला आणि तो भरायला बराच वेळ लागला. डॉक्टर, माझा नवरा आणि मी, तिघंही त्या खळग्याकडे बघत बसलो.

"किडनी नीट काम करत नाही एवढं कळलं," ते म्हणाले. "पण हे आत्ता झालंय की वर्षानुवर्षं चालू आहे, ते नुसत्या रक्तावरून सांगता येणार नाही. सोनोग्राफी करू. मोठ्या माणसाची किडनी साधारण दहा-अकरा सेंटीमीटरची असते. तुमची तेवढी असेल, तर आजार नवा असू शकतो, कारण सापडलं की बराचसा उतरवता येतो. आक्रसून लहान झाली असेल तर तो जुना. मग गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं."

म्हणजे सगळा प्रश्न दोन-अडीच सेंटीमीटरचा होता.

"पेनकिलर घेता का? डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या?"

"कधीतरी," मी म्हणाले.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान डोलावली. त्याला तेवढंच माहीत होतं. खोटं बोलणारं पोरगं कुठे बघतं हे मला पक्कं ठाऊक आहे, सत्तावीस वर्षांत अशा पुष्कळांचे कान मी धरले आहेत. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या किडनीकडे बघत होते.

"आधी कधी सोनोग्राफी झाली असेल तर तो रिपोर्टही शोधा," निघताना ते म्हणाले.

खरं काय ते इथे लिहून टाकते. आमच्या शाळेत बायकांसाठी मुतारी होती. कागदावर तर दोन होत्या. एकीत मोडकी बाकं छतापर्यंत रचलेली. दुसरीला आतून कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं आणि दार उघडायचं थेट मैदानाकडे, जिथे सातवीची पोरं कबड्डी खेळायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या थोरल्या बाईंनी मला बाजूला घेतलं होतं.

"पाणी पेत नको जाऊ वं. सकाळी अर्धा कप चहा घे, मंग संध्याकाळी घरी जाऊन पे. आपोआप सवय होते."

सवय झाली. एप्रिलमध्ये वर्गाचे पत्रे तापायचे, फळ्याला हात लावला तर चटका बसायचा, तरी पाण्याचा थेंब नाही. याचा आम्हाला तोराही होता. नवी बाई आली आणि दुपारी पाण्याची बाटली तोंडाला लावू लागली, की आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. दुपारी दोनच्या सुमारास डोकं दुखायला लागायचं, ते रोजचंच. त्याचा इलाज थोरल्या बाईंच्या खणात होता. सातवी पास होऊन गेलेल्या कुठल्याशा पोराची विसरलेली एक पत्र्याची कंपासपेटी, आणि तिच्यात कर्कटक-गुण्याऐवजी दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं. एकेकीने आळीपाळीने एक पाकीट आणून टाकायचं, जसं डब्यात लोणचं आणतात. डोकं, कंबर, महिन्याचं दुखणं, सगळ्याला तीच गोळी, एका घोटात. दुसरा घोट नाही.

मी रोज एक घ्यायची. परीक्षेचे पेपर तपासताना दोन. थोरल्या बाई निवृत्त होऊन हुडकेश्वरला राहायला गेल्या तेव्हा पेटी माझ्या खणात आली. आणि चार वर्षांपूर्वी रामटेकची एक नवी पोरगी शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीही तिला बाजूला घेतलं. थोरल्या बाईंनी मला जे सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं, शब्दाला शब्द.

सोनोग्राफीची वेळ चार दिवसांनी मिळाली. ते चार दिवस मी घाबरण्यात घालवले. दुसरं काही केलं असं आठवत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला ते लिफ्टने खाली उतरतात. डाव्या हातावर त्यांची नस गाठीगाठीने फुगलेली आहे. आत्तापर्यंत मी त्यांना आपुलकीने विचारायची, "आज कसं वाटतंय काका?" त्या आठवड्यात मी लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले. पाय सुजलेले असताना. त्यांचा हात दिसू नये एवढंच मला हवं होतं.

आणि मी मोजायला लागले. घरात नातवंडांसाठी आणलेली पंधरा सेंटीमीटरची पट्टी होती, ती हातातून सुटेना. साबणाची वडी मोजली. मोबाइलची रुंदी मोजली. दहा सेंटीमीटर म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते पोटाच्या बाजूला पट्टी लावून बघितलं. स्वयंपाकघरात बटाटे मोजताना नवऱ्याने पाहिलं.

"बटाटे काहून मोजून राहिली?"

"उद्याच्या पाठासाठी."

दुसरं खोटं. पहिलं बोललं की दुसऱ्याला वेळ लागत नाही.

सासूबाईंना सोनोग्राफी म्हटलं की एकच गोष्ट माहीत. "त्याच्यात काय भ्याचं वं?" त्या म्हणाल्या. "लेकराचा फोटू काढते थे. तुह्या पोटात आता कोण बसलं आहे?" स्वतःच्याच विनोदावर त्या हसल्या, मग माझं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने त्रिशरण म्हटलं. मी शेजारी बसले, पण माझे ओठ हलत नव्हते.

सोनोग्राफीच्या ठिकाणी भिंतीवर नेहमीचा बोर्ड होता, इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही म्हणून. काउंटरवरच्या बाईने नाव लिहून घेतलं. "चार-पाच ग्लास पाणी प्या. प्रेशर आलं की सांगा."

मला पिता येईना. दिवसा उजेडी, घराबाहेर, एवढं पाणी. दुसऱ्याच ग्लासाला घशाने नको म्हटलं. कसेबसे चार संपवले आणि बसले. आजूबाजूच्या बायका थोड्याच वेळात चुळबुळू लागल्या. एक तर पायावर पाय टाकून "ताई, लवकर घ्या ना वं" म्हणून विनवायला लागली. मला मनातल्या मनात जरा हसू आलं. लघवी रोखणं मला काय शिकवता, मी त्यातली पदवीधर आहे.

अर्धा तास झाला. तास झाला. माझ्यानंतर आलेल्या दोघी आत जाऊन परत गेल्या.

"प्रेशर आलं का मॅडम?"

नव्हतं आलं. काहीच येत नव्हतं. तेव्हा ते हसू पार आटलं. चार ग्लास पाणी आत गेलं आणि ते कुठे गेलं? सत्तावीस वर्षं मी ज्याला अडवून धरलं, ते आता येतच नसेल तर? मी खुर्चीचे हात घट्ट धरले. नवऱ्याने अजून एक ग्लास आणून दिला, तोही घोट घोट करून संपवला. आयुष्यात पहिल्यांदा मला लघवी लागावी म्हणून मी आतल्या आत हात जोडत होते.

पाऊण तासाने लागली. मला रडू आलं.

आत अंधारल्यासारखं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पोटावर गार चिकट जेल लावलं आणि हातातलं यंत्र उजव्या बरगडीखाली दाबलं. स्क्रीन माझ्या बाजूला थोडा वळलेला होता. करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं, त्यात काय आहे ते मला कळेना.

"श्वास घ्या. थांबा. सोडा."

मग त्यांनी एका टोकाला बारीक अधिकचं चिन्ह ठेवलं. दुसऱ्या टोकाला दुसरं. मध्ये ठिपक्यांची रेघ आली. आकृती कळली नाही तरी रेघ मला कळते. खाली कोपऱ्यात आकडा उमटला.

८.१.

नवा कोरा खडू. डब्यातून काढलेला, अजून कोणी न वापरलेला एक खडू, बस, तेवढा.

"डॉक्टर," मी म्हणाले, "परत मोजता का?"

"काय?"

"शून्यापासून धरलंय ना? टोकापासून धरलं की कमी भरतं."

त्यांना काही वाटलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. चांगला माणूस असावा. त्यांनी दोन्ही चिन्हं पुसली, मला पुन्हा श्वास रोखायला सांगितलं, आणि पुन्हा टोक ते टोक रेघ ओढली. ८.१. डावीची ७.९. मग ते यकृत आणि किडनी शेजारी शेजारी घेऊन बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चांगली किडनी यकृतापेक्षा थोडी काळपट दिसते. तुमची जास्त उजळ दिसते आहे."

उजळ हा शब्द मी आयुष्यभर चांगल्या अर्थानेच ऐकला होता.

बाहेर नवरा उभा होता. मी म्हणाले, "माझी उंचीच चार फूट दहा. चणच बारीक. किडनीही बारीकच असणार ना?"

"हाव ना," तो लगेच म्हणाला. "मोठ्या माणसाचं माप तुले कसं लागंल?"

आम्ही दोघांनी घरी जाईपर्यंत तेवढं एक वाक्य धरून ठेवलं. किडनीच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनीही ते अगदी उडवून लावलं नाही. जन्मापासून लहान असतात कुणाकुणाच्या, म्हणाले. म्हणूनच जुना रिपोर्ट हवा. तेव्हाही आठच असेल तर गोष्ट वेगळी.

माझा नवरा वीज खात्यात कारकून होता, निवृत्त झाला तरी कागद फेकत नाही. यावरून मी त्याला आयुष्यभर टोमणे मारले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पलंगाखालची निळी पिशवी घेऊन बसला आणि तिच्यातून सहा वर्षांपूर्वीची सोनोग्राफी निघाली. तेव्हा माझा रक्तस्राव थांबत नव्हता, गर्भाशयात गाठ होती, पुढे ते काढूनच टाकलं. तो कागद माझ्याच हातातून सर्जनकडे गेला होता, सासूबाईंना मी तो वाचून दाखवला होता. म्हणजे त्याची शेवटची ओळ वाचून दाखवली होती, जी गाठीबद्दल होती. सर्जननेही तीच पाहिली. आम्हा सगळ्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

आता मी वरून वाचायला लागले. यकृत ठीक. पित्ताशय ठीक. उजवी किडनी ९.६. डावी ९.५. पुढे एक ओळ. इंग्रजीत होती, पण अवघड नव्हती, आमच्या सातवीच्या पोरालाही कळली असती. दोन्ही किडन्या किंचित जास्त उजळ दिसतात, किडनीसाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न पूर्ण वाचा. घाई करू नका. पहिल्या शब्दापासून वाचा. हे मी किती वर्गांत, किती वेळा ओरडले असेन.

चण बारीक नव्हती. दीड सेंटीमीटर मी सहा वर्षांत घालवले होते, आणि कागद ते सांगत असताना घालवले होते. सहा वर्षं. वर्षाचे शाळेचे दिवस दोनशेच्या वर. रोज एक गोळी, परीक्षेत दोन. तो गुणाकार आपोआप सुरू झाला आणि मी तो मध्येच सोडला. उत्तराची मला भीती वाटली.

मग मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कंपासपेटी, अर्धा कप चहा, एक घोट, बिनकडीचं दार. तो चष्मा हातात घेऊन ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मले काहून नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"काय सांगायचं? सांगण्यासारखी गोष्ट आहे का ती?"

"अवं, मी येऊन कडी लावून देली असती ना! एक कडी आन् चार स्क्रू. ड्रिल मशीन घरीच पडली आहे."

सत्तावीस वर्षांत एकाही बाईच्या हे मनात आलं नव्हतं. थोरल्या बाईंच्या नाही, माझ्या नाही. आम्ही पाणी सोडायला शिकलो, दुखणं गिळायला शिकलो, दुसरीला शिकवलं. पण आम्हाला मुतायला जागा नाही हे वाक्य कोणत्याही पुरुषासमोर आमच्या तोंडून निघालं नाही. घरच्याही नाही. मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

डॉक्टरांपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले आणि "कधीतरी" मागे घेतलं. त्यांनी दोन्ही कागद पूर्ण वाचले. जुना आजार, म्हणाले. गेलेलं येणार नाही. आजच डायलिसिसची गरज नाही, किती दिवस नाही ते सांगता येत नाही. गोळी एकही नाही, मीठ कमी, रक्तदाब सांभाळायचा, दर महिन्याला रक्त. आणि सूज आहे म्हणून पाणी मोजून. एक लिटरची बाटली सकाळी भरायची, चहा-ताकासकट दिवसभर तेवढंच.

मी हसले. डॉक्टरांना कळेना, काय झालं. आता कुठे मला पाणी प्यायचं होतं.

त्याच आठवड्यात नवरा ड्रिल मशीन पिशवीत घालून माझ्याबरोबर एसटीत बसला. बाकं बाहेर काढली, दोन्ही दारांना कड्या लावल्या, एका दुपारचं काम. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, "मॅडम, आधी बोलायचं होतं ना." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पाण्याची टाकी सोमवारी बसली.

कंपासपेटीतली पाकिटं मी शाळेमागे खड्डा करून पुरली. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ती रामटेकची पोरगी नेहमीसारखी माझ्या खणापाशी आली.

"मॅडम, डोस्कं फुटून राहिलं. द्या ना एक."

"नाही देणार. आजपासून कोणालेच नाही. पाणी पेली का सकाळपासून?"

"पाणी?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी परीक्षा घेत आहे. "तुमीच तं सांगितलं होतं ना मॅडम, पेत नको जाऊ म्हणून."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. मी खाली तिच्या पायांकडे पाहिलं. चार वर्षं. तिने रोज किती घेतल्या हे मी कधी बघितलंच नव्हतं. "चप्पल काढ," मी म्हणाले आणि तिथे स्टाफरूममध्ये, तिच्यापुढे खाली बसून, तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला. खळगा पडला असं वाटलं, नाही पडला असंही वाटलं. माझे डोळे धड नव्हते. चार दिवस मी स्वतःसाठी घाबरले होते, ते आता मला सोपं वाटायला लागलं.

ती यायला तयार नव्हती. मला काही होत नाही, म्हणाली. मी तिच्या आईला फोन करीन म्हटलं, तेव्हा शनिवारी अर्धी शाळा करून आली. तोच बोर्ड, तीच काउंटरवाली बाई. पोरीने तिची बाटली रिकामी केली आणि वीस मिनिटांत चुळबुळू लागली. मी मनात म्हटलं, बरं आहे, बरं आहे. मग ती आत गेली आणि मी उभीच राहिले. आतून "श्वास घ्या, थांबा" ऐकू आलं की मीही बाहेर श्वास धरायची. त्यांनी "सोडा" म्हणेपर्यंत माझा सुटायचा नाही.

रिपोर्ट तिच्या हातात देत होते, तो मी घेतला. शेवटच्या ओळीकडे डोळे धावत होते, त्यांना मी मागे ओढलं. वरून वाचलं. यकृत. पित्ताशय. उजवी किडनी १०.३. डावी १०.५. उजळपणा नेहमीसारखा. मूत्राशय. सगळं वाचलं, खालची सही, तारीखसुद्धा वाचली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती पोरगी "काय आहे मॅडम, काय आहे?" करत माझ्या दंडाला धरून हलवत होती.

"चांगली आहे," मी म्हणाले. "दोनी चांगल्या आहे." आणि मग रिपोर्ट तिच्या हातात दिला. रक्तही तपासायचं, ते सोमवारी, हे तिला तिथेच बजावून सांगितलं.

स्टँडवर रामटेकची एसटी लागायची होती. ऊन कडक होतं. तिचे ओठ सुकलेले होते आणि बाटली रिकामी.

"पाणी पे," मी म्हणाले.

"आता नको मॅडम. दीड घंटा एसटीत बसायचं आहे. मधात लागली तं कुठं जाऊ?"

इतकं सगळं होऊनही. तीच पोरगी, तोच हिशेब, माझ्याच तोंडचा.

"लागली तं बस थांबवजो. ड्रायव्हरले सांगजो. नाही ऐकलं तं ओरडजो, साऱ्या बसले ऐकू जाईन असं." मी माझी बाटली काढली. दुपार होती, रात्रीपर्यंतचं माझं पाणी तिच्यात होतं, निम्म्याहून जरा कमी. "घे."

"थे तुमचं आहे ना मॅडम. तुमाले मोजून आहे."

"म्हणूनच म्हणून राहिली. माह्या वाट्याचंबी तूच पे."

तिने बाटली घेतली, माझ्याकडे बघत तोंडाला लावली, आणि तळ दिसेपर्यंत मी तिला खाली ठेवू दिली नाही.